आठवा रकाना

हेडक्लार्कांच्या बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीवर ज्या सकाळी पहिल्यांदा आठ चौकोन उमटले, त्या सकाळी त्यांतले तीन भरलेले होते आणि पाच काळे. कॅमेरेवाला शिडीवरून उतरला, हात झटकले आणि झालं म्हणाला. हेडक्लार्कांनी चष्मा नाकावर चढवून पाहिलं. पहिल्या चौकोनात घराचं दार, दुसऱ्यात मागची गॅलरी, तिसऱ्यात जिना. त्यानंतर काळं, काळं, काळं, काळं आणि काळं. त्यांच्या कपाळावर जी एक बारीक आठी पडली ती कॅमेरेवाल्याला दिसली नाही. बायकोला दिसली. ती आत गेली आणि बसची तिकिटं ज्या डब्यात ठेवली होती तो डबा तिनं उगीचच उघडून बंद केला.

ज्यांनी हेडक्लार्कांना कचेरीत पाहिलेलं नाही त्यांना ही आठी कळायची नाही. 'कोणताही रकाना रिकामा सोडू नये' ही सूचना प्रत्येक सरकारी अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली असते आणि ती कुणीही वाचत नाही. नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं एक माणूस ती वाचत होता. माहिती नसेल तर 'माहीत नाही' लिहा, लागत नसेल तर 'लागू नाही' लिहा, पण रिकामं सोडू नका. एवढंच त्यांचं मागणं. एका तरुणानं 'जोडीदाराचे नाव' हा रकाना कोरा ठेवला म्हणून त्यांनी त्याला तीनदा परत पाठवला होता. चौथ्यांदा तो लग्न करूनच आला. हेडक्लार्क ही हकिकत आपल्या कामाच्या चोखपणाचा दाखला म्हणून सांगत, आणि ऐकणाऱ्यानं हसू नये अशी त्यांची अपेक्षा असे.

कॅमेऱ्यांचं कारण तसं साधं होतं. सहा तासांच्या अंतरावर असलेल्या लेकीला मुलगी झाली होती. पहिले काही आठवडे तिची सासू होती. वीस तारखेला ती परत जाणार होती आणि त्यानंतर लेक, जावई आणि ते एवढंसं बाळ, तिघंही एकमेकांकडे बघत बसणार होते. हेडक्लार्कीणबाईंनी वीस तारखेची दोन तिकिटं काढली. दोन का, हे हेडक्लार्कांनी विचारलं. महिनाभर घराला कुलूप? त्यांच्या मते कुलूप म्हणजे चोराला दिलेलं लेखी आमंत्रण. शेजारच्याच इमारतीत चार दिवस बंद असलेल्या घरातून चोरानं कुकर नेला होता आणि झाकण मागे ठेवलं होतं. कुकर गेल्यापेक्षा झाकण उरल्याचं दुःख त्या घराला अजून होतं. तेव्हा लेकीनंच फोनवर तोड काढली: "बाबा, कॅमेरे लावा. इथं बसून तिथलं दार बघा. पण या."

बाबांनी अजून नातीला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं, आणि तिथंही बहुतेक वेळा लेकीचा अंगठाच मध्ये यायचा. त्यामुळे ते तयार झाले. दोन तारखेला कॅमेरे आले. तीन पुरेसे होते, पण कॅमेरे टीव्हीला जोडणारं चार चौकोनांचं खोकं संपलेलं असल्यानं कॅमेरेवाल्यानं आठाचं आणलं. त्यात काही बिघडत नाही, असं तो म्हणाला. एवढं धडधडीत खोटं त्या घरात बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

कॅमेरा लागला की सल्ला येतो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंडक्टर म्हणाले, कॅमेरा चोराला दिसेल असा हवा, म्हणजे तो आल्या पावली परत जाईल. तळमजल्यावर दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर म्हणाले, चोराला दिसणार नाही असा हवा, म्हणजे तो सापडेल. डॉक्टरांच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणाल्या, तो कुठंही लावा, पण दारावर दिवा आहे त्याच्या खाली नको, तिथं पाल असते. तिघांचंही मत घेऊन दारावरचा कॅमेरा तीनदा हलवला गेला. भिंतीला दहा भोकं पडली. त्यांवर बायकोनं एक मोठं कॅलेंडर लटकवलं आणि वीस तारखेभोवती लाल गोल केला. कॅलेंडर बघायला कुणीही जिन्यात जात नाही, पण हेडक्लार्कांना ते आता पहिल्या चौकोनात दिवसभर दिसू लागलं.

मागच्या गॅलरीतल्या कॅमेऱ्याचं वेगळंच झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी दुसरा चौकोन अचानक काळा पडला. हेडक्लार्क आंघोळ अर्धी टाकून धावले. कॅमेऱ्यावर ओली चादर वाळत होती. त्यांनी समजावून सांगितलं की हे सुरक्षेचं उपकरण आहे. बायकोनं समजावून सांगितलं की ही दोरी इथं वीस वर्षं आहे, उपकरण कालपासून आहे, तेव्हा ज्येष्ठतेच्या नियमानं काय ते बघा. ज्येष्ठतेचा नियम काढल्यावर हेडक्लार्कांना बोलता येत नसे.

पण खरा काटा होता तो पाच काळ्या चौकोनांचा. त्यांनी कॅमेरेवाल्याला बोलावून घेतलं. त्यानं रिमोटचं एक बटण दाबलं. काळे चौकोन गेले, तीनच उरले, मोठे झाले. झालं ना काम, असं त्याचं म्हणणं. हेडक्लार्कांनी त्याच्याकडे पाहिलं ते अर्जाचं मागचं पान चिकटवून आणणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं.

"झाकला म्हणजे भरला होत नाही," ते म्हणाले.

इथून पुढं जे घडलं त्याला चोरीशी काही देणंघेणं राहिलं नाही.

चौथा चौकोन इमारतीच्या फाटकानं भरला. फाटक सगळ्यांचं, त्यामुळं हरकत कुणाची नव्हती. पाचवा डॉक्टरांनी स्वतः होऊन दिला. त्यांच्या धंद्याचं एक दुखणं होतं: बाहेरच्या बाकावर बसलेला रोगी आतून यंत्राचा आवाज आला की उठून पळून जाई. दार उघडून 'पुढचा' म्हणावं तर बाकावर फक्त गरम झालेली जागा. बाकावर कॅमेरा लावावा, हेडक्लार्कांनी लक्ष ठेवावं आणि कुणी चुळबुळ करू लागला की फोन करावा, असं ठरलं. सहावा शिवणकाकूंच्या बोळात लागला. त्यांचंही दुखणं तसलंच, फक्त उलट्या बाजूनं: गिऱ्हाईक कपडे न्यायला येई आणि कपडे शिवून झालेले नसत. बोळाच्या तोंडाशीच गिऱ्हाईक दिसलं आणि फोन आला, तर आतून कडी लावून मशीन बंद करायला काकूंना अर्धं मिनिट मिळे. अर्ध्या मिनिटात माणसाची अब्रू वाचते, असं त्या म्हणत.

हेडक्लार्कांची दिनचर्या बदलली. निवृत्तीनंतर सहा महिने ते घरात नको तिथं उभे राहत होते. आता त्यांना खुर्ची होती, टेबल होतं, समोर रकाने होते आणि फोन वाजत होता. त्यांनी एक वही आखली. शर्ट इस्त्रीचा घालू लागले. चहा कुठं ठेवायचा ते बोटानं दाखवू लागले. बायको कप ठेवी, लाल गोलाकडे जाणाऱ्या तारखा मोजी आणि जाई.

चुका व्हायच्या तशा झाल्या. एका सकाळी पाचव्या चौकोनातला माणूस बाकावरून उठला, बसला, पुन्हा उठला आणि दाराकडे सरकू लागला. हेडक्लार्कांनी तत्परतेनं फोन फिरवला. डॉक्टर हातमोज्यांसह बाहेर आले, त्यांनी त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, घाबरायचं काही कारण नाही असं प्रेमानं सांगितलं आणि त्याला आत नेऊन खुर्चीत आडवा केला. तो वीजमीटर वाचायला आलेला माणूस होता. तोंडात नळी गेल्यावर त्याला हे सांगता येईना. दात साफ झाले, एक किडलेलाही सापडला, तोही भरला गेला. माणूस समाधानानं निघून गेला. मीटर तेवढे वाचायचे राहिले. त्या महिन्यात साऱ्या इमारतीला अंदाजे बिलं आली. तो अंदाज कुणाचा होता कोण जाणे, पण तो माणूस मोठा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून बसलेला असावा.

सातवा चौकोन कंडक्टरांनी मागितला. फाटकासमोर बसथांबा आहे. नोकरी सुटून चार वर्षं झाली तरी बस वेळेवर येते की नाही ही काळजी कंडक्टरांची सुटली नव्हती. तीन जिने उतरून ते दिवसातून सहादा थांब्यावर जात, बस आली की घड्याळ बघत आणि न चढता परत येत. गुडघे बोलू लागले होते. बाहेरच्या भिंतीवर कॅमेरा लावला तर बसल्या जागी काम होणार होतं. पण रस्त्याकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्याला वॉर्ड ऑफिसची परवानगी लागते. हेडक्लार्क खूश झाले. त्यांना त्यांचा प्रांत मिळाला.

अर्ज त्यांनी असा भरला की तो काचेत लावावा. सोळा रकाने, एकही खाडाखोड नाही. तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी तो घेतला, मान वर न करता वाचला आणि परत सरकवला. अकरावा रकाना, 'पूर्वीच्या परवानगीचा क्रमांक', यात हेडक्लार्कांनी एक बारीकशी आडवी रेघ मारली होती.

"रेघ चालत नाही. 'लागू नाही' लिहा."

त्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. 'लागू नाही'खाली छोटी सही नव्हती. तिसऱ्या दिवशी सही होती, पण तारीख नव्हती. हेडक्लार्कांना राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच्या मागोमाग एक विचित्र समाधानही आलं, मुलगा बापावर ओरडला आणि तो अगदी बापासारखाच ओरडला तर बापाला होतं तसं. चौथ्या दिवशी शिक्का मिळाल्यावर न राहवून त्यांनी विचारलं, एवढं काटेकोर काम कुठं शिकलात?

"शिकले नाही," बाई म्हणाल्या. "मी शाळेत होते तेव्हा माझ्या वडिलांचा अर्ज नोंदणी कचेरीतल्या एका हेडक्लार्कनं चारदा परत पाठवला होता. उन्हातून यायचे बिचारे. तेव्हाच ठरवलं, आपण अशी एक खुर्ची मिळवायची."

हेडक्लार्कांनी कोणता हेडक्लार्क ते विचारलं नाही. आभार मानून ते जरा झपझप चालत बाहेर पडले.

सातवा लागला. आता कंडक्टर सकाळी आठपासून हेडक्लार्कांच्या सोफ्यावर. 'तीन मिनिटं उशीर,' 'थांबा घेतलाच नाही, बघितलंत?' अशी त्यांची वाक्यं स्वयंपाकघरापर्यंत येत. डॉक्टर दुपारी रोगी नसले की डोकावत. काकू बोळात गिऱ्हाईक असलं की मागच्या दारानं निसटून वर येत आणि स्वतःच्याच बंद दारावर धक्के मारणारं गिऱ्हाईक टीव्हीवर शांतपणे बघत बसत. घर इतकं भरलेलं होतं की चोराला उभं राहायलाही जागा नव्हती. आणि याच सुमारास हेडक्लार्कांच्या तोंडून पहिल्यांदा ते वाक्य गेलं, की वीस तारखेचं जरा पुढं ढकललं तर? दवाखान्यात पुढच्या आठवड्यात गर्दी आहे. काकूंकडे कामं तुंबली आहेत. आणि आठवा रकाना अजून रिकामा आहे. असं अर्धवट टाकून माणूस कसा जाणार?

बायको पालक निवडत होती. तिनं एक जुडी संपवली, दुसरी घेतली.

"कॅमेरे कशासाठी लावले?" तिनं विचारलं.

हेडक्लार्क उत्तर देणार होते, पण सहाव्या चौकोनात कुणीतरी आलं.

अठरा तारखेला दुपारी जे झालं त्याची नोंद हेडक्लार्कांच्या वहीत आहे, पण ती त्यांनी नंतर अशी खोडली आहे की कागद फाटला. वहीत खाडाखोड होण्याची ती पहिलीच वेळ. झालं ते असं. सहाव्या चौकोनात, बोळाच्या तोंडाशी, एक निळी छत्री आली. कॅमेरा उंचावर असल्यानं माणसाचं फक्त डोकं दिसे, आणि छत्री असली तर तेही नाही. फक्त छत्रीखालून पुढं पडणारी पावलं. हेडक्लार्कांनी सवयीनं फोन लावला. तिकडे काकू बाही जोडत होत्या, हात रिकामा नव्हता, म्हणून त्यांनी फोनचा आवाज मोठा करून तो मशीनवर ठेवला. दाराची कडी त्यांनी आधीच लावून घेतली होती. दार मात्र पातळ होतं.

छत्री दाराशी येऊन थांबली तेव्हा आतून हेडक्लार्कांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"काकू, एक बाई येतायत. जरा जाडशा आहेत. पावलं अशी टाकतायत की भांडायलाच निघाल्यात. आज काही ऐकणाऱ्यातल्या दिसत नाहीत. अजिबात उघडू नका."

छत्री मिटली. कॅमेऱ्याखाली, पांढऱ्या भांगाचं एक डोकं वर झालं आणि सरळ कॅमेऱ्यात बघू लागलं. हेडक्लार्कांच्या हातातला फोन तसाच राहिला. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला वरून कधी पाहिलं नव्हतं, हा बचाव त्यांना तेव्हाच सुचला होता. पण सुचलेला प्रत्येक बचाव बोलायचा नसतो इतकी अक्कल त्यांना होती. सोफ्यावरचे कंडक्टर अचानक आठवल्यासारखे उठले आणि आज आपण थांब्यावर स्वतःच जाऊन बघतो, असं म्हणून निघून गेले.

बाई प्रवासासाठी शिवायला टाकलेले दोन ड्रेस आणायला गेल्या होत्या. ते दोन्ही तयार नव्हते. त्या वर आल्या, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि पाणी प्यायल्या. हेडक्लार्क उभेच होते.

"अगं, छत्रीमुळं..."

"छत्री आपली आहे," ती म्हणाली. "तुम्हीच आणलेली."

बस्स. पुढं ती या विषयावर एक अक्षर बोलली नाही, आणि जे नवरे तेहतीस वर्षं नवरे आहेत त्यांना ठाऊक आहे की बोललेलं परवडतं. काकूंनी मात्र त्या दिवशी दार बंद करून, खरंच बंद करून, दोन्ही ड्रेस एका बैठकीत शिवले आणि एकोणीस तारखेला सकाळी इस्त्री करून स्वतः वर आणून दिले. हेडक्लार्कांकडे त्यांनी पाहिलं नाही. एकोणीस तारखेला दुपारी कॅमेरेवालाही येऊन गेला. तो स्वयंपाकघरात बाईंशी काहीतरी बोलला, हेडक्लार्कांच्या टेबलाखालच्या खोक्याची एक वायर काढून पुन्हा लावली आणि जाताना उगीचच हसला. हेडक्लार्कांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते बसथांबा बघत होते.

वीस तारखेला बायको निघाली. एक बॅग, एक पिशवी. डब्यात दोन दिवसांचं जेवण आहे आणि तिसऱ्या दिवसापासून भात लावता येतोच, एवढं ती म्हणाली. हेडक्लार्क दारापर्यंत आले. बॅग उचलून थांब्यापर्यंत जावं असं त्यांना वाटलं, पण तेवढ्यात दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी चुळबुळ करत होतं. ते फोनकडे वळले आणि ती पहिल्या चौकोनात गेली. मग तिसऱ्यात, जिन्यावर. एका पायरीवर थांबून तिनं बॅगेचा हात बदलला. मग चौथ्यात, फाटक. मग सातव्यात, बसथांबा. हेडक्लार्क एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात तिच्या मागे जात होते, जागचे न हलता. बस आली. सोफ्यावरून कंडक्टर हळूच म्हणाले, "अगदी वेळेवर." बस निघून गेली आणि सातव्या चौकोनात नुसता खांब उरला. पाचव्या चौकोनातला रोगी केव्हाच पळाला होता.

दोन दिवस हेडक्लार्कांनी काम चोख केलं. तिसऱ्या दिवशी भात करपला. दुसऱ्या चौकोनाच्या कोपऱ्यात धूर दिसल्यावर त्यांना ते कळलं. दोरीवर काहीच वाळत नसल्यामुळं तो चौकोन आता दिवसभर स्वच्छ दिसे, आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

त्याच दिवशी सकाळी, कंडक्टर, डॉक्टर आणि काकू हजर असताना, आठवा चौकोन एकदम उजळला. सगळे पुढं सरकले. पिवळसर भिंत. भिंतीला टेकलेली लाकडी पाळण्याची एक कड. बाकी काही नाही. कॅमेरेवाल्याचं ते हसणं आणि निघताना बायकोच्या हातात असलेली ती पिशवी हेडक्लार्कांना तेव्हा आठवली. त्यांनी फोन लावला.

"भरला ना तुमचा रकाना?" बायकोनं विचारलं.

"भरला गं. पण दिसत काहीच नाही. भिंत दिसते. तो जरा डावीकडे वळवायला हवा."

"डावीकडे नाही वळत."

"वळतो. खाली एक स्क्रू आहे..."

"माहितीये मला स्क्रू," बायको म्हणाली. "पण ते फोनवर नाही होत. अर्जदारानं स्वतः हजर राहावं." आणि तिनं फोन ठेवला.

हे वाक्य नोंदणी कचेरीच्या दारावर एकतीस वर्षं टांगलेलं होतं. ते कुणाच्या अक्षरात होतं हे सांगायची गरज नाही.

हेडक्लार्क खुर्चीत बसून राहिले. आणि मग पाळण्याच्या कडेवर, आठव्या चौकोनाच्या अगदी खालच्या टोकाला, एक पाय आला. अंगठ्याएवढा. हवेत एकदा झटकला आणि गेला. काकूंच्या तोंडून 'अगंबाई' निघालं. डॉक्टर म्हणाले, डावा होता. कंडक्टरांनी घड्याळ बघितलं आणि हेडक्लार्कांच्या वहीत न विचारता लिहिलं: दहा बावीस, पाय.

त्या दिवशी इमारतीतलं सगळं काम थांबलं. खाली बाकावरचे रोगी आले आणि गेले, बोळात गिऱ्हाइकं दार वाजवून दमली, बसगाड्या हव्या तेव्हा आल्या. चौघं जण एका पिवळ्या भिंतीकडे डोळे लावून बसले होते. दहा एकतीसला पाय पुन्हा आला. अकरा पाचला मूठ आली. साडेअकराला काहीतरी आलं त्यावर वाद झाला. डॉक्टरांच्या मते कोपर, काकूंच्या मते टोपरं. दुपारी एकदा एक हात आला, पण तो मोठा होता, बायकोचा, आणि त्यानं पाळण्याची कड धरून ती हळूहळू हलवली. हेडक्लार्कांनी त्या हातावरची जुनी बांगडी ओळखली. वरून बघूनही.

ते उठले आणि बॅग काढली.

मागे राहणाऱ्यांसाठी त्यांनी चार पानी सूचना लिहिल्या: कुणी कोणत्या चौकोनाकडे किती वाजता बघायचं, कोणाला फोन करायचा, मीटरवाल्याला कसं ओळखायचं. किल्ली कंडक्टरांना दिली. थांब्यावर उभे राहिल्यावर त्यांना एकदा वाटलं की वर बघून कॅमेऱ्याला हात करावा. पण तो पोरकटपणा झाला असता, म्हणून त्यांनी नुसतीच टोपी सारखी केली. वर सोफ्यावर बसलेल्या तिघांनी त्यालाच हात केला असं धरलं आणि तिघांनीही टीव्हीला उलट हात केला.

दोन दिवसांनी, सकाळी, लेकीच्या घरात हेडक्लार्कांचा फोन वाजला. कंडक्टर होते. आवाज चिंतेचा.

"साहेब, आठ नंबर काळा झाला. आत्ताच. आधी तुम्ही दिसलात, मग एकदम काळोख. कॅमेरेवाल्याला बोलावून घेऊ का?"

हेडक्लार्कांच्या खांद्यावर बाळ होतं. त्याची एक मूठ त्यांच्या चष्म्याच्या दांडीत अडकलेली होती आणि ती सोडवायची की तशीच ठेवायची हा निर्णय गेली दहा मिनिटं प्रलंबित होता. भिंतीवरच्या कॅमेऱ्यावर एक ओलं दुपटं वाळत होतं. ते त्यांनीच टाकलं होतं. दुसरीकडे कुठं जागा नव्हती, असं नाही.

"नको," ते म्हणाले. "कॅमेरा ठीक आहे."

"मग वहीत काय लिहू? 'लागू नाही' लिहू का?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको ऐकत होती. हेडक्लार्कांनी जरा विचार केला. मुठीनं चष्मा ओढला, त्यांना समोरचं अंधुक दिसू लागलं.

"काही लिहू नका," ते म्हणाले. "राहू द्या रिकामा."

कंडक्टरांनी त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं, कारण एवढ्या मोठ्या गोष्टीला साक्षीदार असावा म्हणून त्यांनी डॉक्टर आणि काकू दोघांनाही फोनजवळ बोलावून घेतलं होतं. हेडक्लार्क पुन्हा म्हणाले. मग कंडक्टरांनी पेन उचललं. काही न लिहिणं त्यांनाही जमणारं नव्हतं. नोकरी त्यांचीही सरकारीच झालेली. त्यांनी लिहिलं, आणि लिहिलेलं फोनवर वाचून दाखवलं:

"दहा बेचाळीस. रकाना आठ, रिकामा. साहेबांच्या तोंडी हुकमावरून."